नवशिक्याला शिकारीचा क्रॉसबो: रिकर्व्ह की कंपाउंड?

साखळीकर
भाचा कॅनडात, ओंटारिओत असतो. शिकारीचा कोर्स करून कार्ड मिळवलंय, आता हरणाच्या हंगामात उतरायचं म्हणतो. क्रॉसबो, म्हणजे चाप ओढून बाण सोडायचं आडवं धनुष्य, आजवर हातात धरलेला नाही. दुकानदार त्याच्या गळ्यात सेकंदाला ४०० फूट वेगाचा कंपाउंड मारतोय. माझं मत उलट आहे, नवशिक्यानं रिकर्व्हच घ्यावा. रिकर्व्ह म्हणजे टोकं पुढे वळलेलं साधं धनुष्य; कंपाउंडच्या टोकांना कॅम नावाची चाकं, केबल, नाना भानगडी. दोरी झिजली की धनुष्य दाबून धरणारा प्रेस असलेल्या दुकानात न्यायचा. रिकर्व्हची दोरी घरी बदलता येते. शिवाय रिकर्व्हवाली एक्सकॅलिबर ओंटारिओच्याच किचनरची. बोला.

म्हापशेचो बाब
दोरी बदलणं वर्षादोनवर्षांतून एकदा, ताणणं रोज. त्याचं काय? कॅममुळे कंपाउंड कमी ताणात जास्त ऊर्जा साठवतो. तोच वेग रिकर्व्हमधून हवा तर ताण अडीचशे पौंडांच्या वर जातो, म्हणजे शंभर किलोंहून जास्त. ताणायच्या दोरखंडानं भार निम्मा होतो, मान्य. पण थंडीत, जाड कोट घालून मचाणावर तो निम्मा ओढून दाखवा. आणि रिकर्व्हच्या पात्यांचा, म्हणजे वाकणाऱ्या दोन बाजूंचा, पसारा! मचाणावर वळताना फांदीला अडकतो. नवीन माणसाला हँडल फिरवून ताणायचा, क्रँकवाला अरुंद कंपाउंड द्या, दोरी दरवेळी मधोमध बसते. एका बाजूला जरा सरकली की नेम गेलाच म्हणून समजा.

पणजीची ताई
दोघेही ज्ञान पाजळताय, पण हे गोव्यातली पोरं वाचताहेत. १९७२च्या वन्यजीव कायद्यात शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचं नाव स्पष्ट लिहिलंय आणि शिकारीचा प्रयत्न हीसुद्धा शिकारच धरली जाते. ब्रिटनमध्ये बंदुकीनं हरीण मारता येतं, पण क्रॉसबोनं नाही. १९८१च्या कायद्यानं बंदी आहे. कारण उघड आहे. बाण जनावराला धक्क्यानं पाडत नाही, रक्त वाहून ते मरतं. नेम चुकला की जखमी हरीण रात्रभर रानात तडफडतं. असं हत्यार नवशिक्याच्या हाती द्यायचंच कशाला?

सत्तरीवालो
ताई, एकदा आमच्या कुळागरात येऊन बघा. डुकरं एका रात्रीत सुरण-कणगी उकरून टाकतात, गवे वेगळेच. पीक राखायला परवान्याची बंदूक आहे, ती निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा. आवाज न करणारं काही मिळालं तर आम्ही का नको विचारू?

पणजीची ताई
दादा, विचारा, पण वनखात्याला विचारा. रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाची नासाडी होत असेल तर कलम ११ खाली मुख्य वन्यजीव रक्षक लेखी परवानगी देऊ शकतात. गवा पहिल्या अनुसूचीत, वर आपला राज्यप्राणी. त्याला पीक खाल्लं म्हणून हात लावता येत नाही. आणि गुपचूप काटा काढायची सवय कुठे जाते ते २०२०च्या जानेवारीत सत्तरीतल्या गोळावलीला दिसलं. वाघीण आणि तिचे तीन बच्चे विषानं मेले.

सत्तरीवालो
विषाचं समर्थन कोण करतोय? परवानगीचा कागद येईपर्यंत डुक्कर थांबत नाही, एवढंच माझं म्हणणं.

साखळीकर
सत्तरीच्या डुकरांचा वेगळा धागा काढा, मीही येतो. इथे ओंटारिओचं बोलू.

फोंड्याचा गणितमास्तर
४०० फुटांचा आकडा तपासू. म्हणजे सेकंदाला साधारण १२० मीटर. आवाज जातो ३४०नं. ४० यार्डांवरच्या हरणाला दोरीचा आवाज बोल्टच्या, म्हणजे क्रॉसबोच्या आखूड बाणाच्या, आधी जवळजवळ दोनदशांश सेकंद पोचतो. तेवढ्यात बिचकलेलं हरीण खाली दबतं आणि फुफ्फुसावरचा नेम पाठीवर जातो. वीस यार्डांवर ही फट निम्मी होते. म्हणून पोराला वेग नको, जवळून मारायची शिस्त हवी. त्यातून जाहिरातीतला वेग बहुधा हलक्या बोल्टवर मोजलेला. भरदार बोल्टला ब्रॉडहेड, म्हणजे शिकारीचं रुंद धारदार टोक, लावलं की वेग उतरतो, पण बोल्ट खोल शिरतो आणि धनुष्याचा आवाजही घटतो. ताई, तुमचा तडफडण्याचा मुद्दा मी उडवून लावत नाही; वीस-पंचवीस यार्डांपलीकडे मारायचंच नाही, हे त्याचं माझ्यापुरतं उत्तर.

पणजीची ताई
शिस्त दुकानात मिळत नाही मास्तर. दुकानदार विकतो ते ४००च.

म्हापशेचो बाब
मास्तरांचं मान्य, पण मग ३५०चा कंपाउंड घ्या की! त्यासाठी रिकर्व्हचं ओझं का?

कुडचड्याची नातसून
दोघांनी एक गोष्ट सोडलीत. बोल्ट न लावता चाप ओढला तर सगळी ऊर्जा पात्यांत आणि दोरीत उलटते, धनुष्य हातातच फुटू शकतं. ते अडवणारी कळ असलेलाच घ्यायला सांगा. अंगठा दोरीच्या वाटेत येऊ नये म्हणून मुठीला पंखासारखी आडवी कड असते, तीही बघा. नॉक, म्हणजे बोल्टच्या मागच्या टोकाचा दोरीला टेकणारा भाग, कंपनीनं सांगितलेलाच हवा. चुकीचा असला तर दोरी बोल्टच्या वरून निसटते आणि पुन्हा तेच.

साखळीकर
हे त्याला आजच कळवतो. ताणलेला रिकर्व्ह संध्याकाळी उतरवायचा तर बहुधा बोल्ट टार्गेटमध्ये मारूनच मोकळा करावा लागतो, क्रँकवाल्या बऱ्याच कंपाउंडांत तो हळूच सोडता येतो. इथे बाबचं पारडं जड आहे, कबूल. तरी माझं मत रिकर्व्हलाच. मचाणाच्या पायथ्याशी जमिनीत मारायला एक जुना बोल्ट ठेवला की झालं, आणि रानात बिघडलेला कॅम कोणाला दुरुस्त करता येतो?

म्हापशेचो बाब
आणि अंधारात जमिनीत मारलेला बोल्ट दगडावरून उसळला तर? पोराला दुकानात दोन्ही दहा-दहा वेळा ताणायला लावा. मग मामाचं ऐकतो की माझं, बघू.