आर्क्टिक कॉन्व्हॉय: एवढं असूनही मुर्मान्स्कचाच रस्ता का?

प्रश्न:
दुसऱ्या महायुद्धातल्या आर्क्टिक कॉन्व्हॉयबद्दल, म्हणजे उत्तर समुद्रातून रशियाच्या मुर्मान्स्क-अर्खांगेल्स्क बंदरांना दोस्त राष्ट्रांचा माल नेणाऱ्या जहाजांच्या ताफ्यांबद्दल, सध्या वाचतोय आणि एका ठिकाणी अडलोय. रशियाला माल पोचवायला इराण होता, पॅसिफिकमधून व्लादिवोस्तोक होतं, मग नॉर्वेच्या डोक्यावरून, जिथे जर्मन विमानं, पाणबुड्या आणि टिर्पिट्झसारखी युद्धनौका टपून बसलेली, तिथूनच जहाजं का पाठवत राहिले? आणि तिथूनच जायचं होतं तर अजून उत्तरेकडून वळसा का नाही घातला? नकाशात वर भरपूर समुद्र दिसतो.

प्रतिसाद १:
पहिल्या भागाचं सांगतो. टनांमध्ये बघितलं तर सगळ्यात जास्त माल पॅसिफिकमधूनच गेला, जवळजवळ निम्मा. पण जपान आणि रशियाचं तेव्हा युद्ध नव्हतं, म्हणून तिकडून सोव्हिएत झेंड्याची जहाजं धान्य, इंधन, यंत्रं असलं सामान न्यायची, रणगाडे-तोफा नाही. शिवाय व्लादिवोस्तोकला उतरवलेला माल पुढे अख्खा सायबेरिया ओलांडून आघाडीवर. इराणमध्ये ब्रिटिश आणि सोव्हिएत फौजा ऑगस्ट १९४१ मध्ये घुसल्या खऱ्या, पण बंदरं आणि रेल्वे मोठा माल पेलण्याइतकी तयार व्हायला १९४३ उजाडलं. आणि मॉस्को तर १९४१ च्या हिवाळ्यातच धोक्यात होतं ना. तेव्हा ताबडतोब चालू होणारा, जवळचा रस्ता हाच. पहिला ताफा 'दर्विश' ३१ ऑगस्ट १९४१ ला अर्खांगेल्स्कला लागला सुद्धा.

प्रतिसाद २:
वरच्यात एक भर. मुर्मान्स्क एवढ्या उत्तरेला असूनही तिथलं पाणी हिवाळ्यात गोठत नाही, अटलांटिकचा कोमट प्रवाह तिथपर्यंत येतो म्हणून. अर्खांगेल्स्क दक्षिणेला असून गोठतं. जर्मनांना हे नीट कळत होतं, म्हणून १९४१ च्या उन्हाळ्यात जर्मन सेनापती डिट्लचं पहाडी सैन्य तेव्हा फिनलंडमध्ये असलेल्या पेट्सामोकडून मुर्मान्स्क घ्यायला निघालं, पण मुर्मान्स्कच्या पश्चिमेच्या लित्सा नदीपाशी जे अडकलं ते १९४४ पर्यंत तिथेच.

आता तुमचा दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते सगळी गोष्ट इथेच आहे. नकाशातला तो वरचा समुद्र वर्षभर मोकळा नसतो हो. हिवाळ्यात बर्फाची कड दक्षिणेला सरकते आणि ताफ्याला नॉर्वेच्या किनाऱ्याजवळून जायला लागतं, पण तेव्हा दिवसभर अंधार असतो त्यामुळे विमानांना शोधणं अवघड. उन्हाळ्यात बर्फ मागे जातो, लांबून जाता येतं, पण मग सूर्य मावळतच नाही, चोवीस तास उजेडात तुम्ही उघडे. म्हणजे लांब जायची सोय असते तेव्हा लपायची नसते. यावर हिवाळ्यात लाटांचे तुषार जहाजावर पडतापडताच गोठायचे, वरचा भार वाढून जहाज उलटायची भीती, म्हणून खलाशी कुऱ्हाडी-हातोडे घेऊन तासन्तास बर्फ फोडत बसायचे. हल्ला नसला तरी हे काम चुकत नव्हतं.

प्रश्नकर्ता:
हे उजेड-बर्फाचं गणित माझ्या डोक्यातच आलं नव्हतं, धन्यवाद! मग १९४२ चा पीक्यू १७ हा ताफा उन्हाळ्यात गेला म्हणून एवढा मार खाल्ला का?

प्रतिसाद ३:
उजेड हे एक कारण, पण मला विचाराल तर खरा घाव ४ जुलै १९४२ च्या आदेशाचा. टिर्पिट्झ बाहेर पडली असणार असं धरून लंडनहून ब्रिटिश नौदलप्रमुख अॅडमिरल डडली पाउंड यांनी ताफा पांगवायला सांगितलं आणि रक्षणाला असलेल्या क्रूझर युद्धनौका पश्चिमेला माघारी बोलावल्या. टिर्पिट्झ तेव्हा निघालीच नव्हती! दुसऱ्या दिवशी निघाली आणि थोड्याच वेळात परतली, तोवर एकएकटी पडलेली मालवाहू जहाजं पाणबुड्या आणि विमानांनी टिपली होती. ३५ पैकी २४ गेली. ज्या खलाशांना संरक्षण आहे म्हणून सांगितलं होतं त्यांना असं उघड्यावर सोडलं, हे वाचून मला आजही राग येतो.

त्यातलाच एक प्रसंग मात्र बर्फाच्या मुद्द्याला धरून सांगतोच. 'एअरशायर' नावाचं एक छोटं सशस्त्र ट्रॉलर (मासेमारीच्या धर्तीचं जहाज) होतं, त्याचे कप्तान लिओ ग्रॅडवेल हे एरवी वकिली करणारे गृहस्थ. त्यांनी तीन मालवाहू जहाजं सोबत घेतली आणि पळायच्या ऐवजी सरळ बर्फात घुसले, आत जाऊन थांबले, जहाजं पांढऱ्या रंगाने रंगवली, वर पांढऱ्या चादरी टाकल्या आणि डेकवरच्या रणगाड्यांच्या तोफा भरून ठेवल्या. वरून विमानांना काही दिसलं नाही. मग संधी बघून नोवाया झेम्ल्या या रशियन बेटांच्या आडोशाने निघाले आणि तिन्ही जहाजं अर्खांगेल्स्कला पोचली, मालासकट.