बाहेरच्या सॉकेटला दीडची वायर पुरते का?

हिशेबी : ‘बाहेरच्या सॉकेटला दीडची वायर ओढा, वर सोळा अँपिअरचा एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप बंद होणारा स्विच) बसवा, काही होत नाही’ हा सल्ला वाचून गप्प बसवले नाही. भिंतीवरच्या पाइपातून नेलेली दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची पीव्हीसी वायर ३० अंश सेल्सिअसला १७.५ अँपिअर पेलते. पण उन्हातल्या भिंतीजवळ ४० अंश धरले, तर त्याला ०.८७ ने गुणावे लागते आणि हाती उरतात जेमतेम १५.२. एमसीबी वायरीला वाचवण्यासाठी असतो, आणि इथे वायरच त्याच्याहून दुबळी. अडीचची वायर त्याच उन्हात जवळपास २१ अँपिअर देते.

जुना वायरमन : तीस वर्षे दीडच्याच वायरी ओढल्या, एकही जळाली नाही. अंगणात माणूस दिवा लावतो, फार तर कुंपण छाटायचे यंत्र चालवतो. त्याला अँपिअर लागतात किती? खरा घोटाळा निराळाच आहे. वेष्टनावर दीड छापलेले असते आणि आत तांबे सव्वाचेही नसते. त्यावर मात्र कोणी अवाक्षर काढत नाही.

हिशेबी : तांबे कमी भरते म्हणता, म्हणजे तुम्ही माझीच बाजू मांडताय. शिवाय स्वतःत कोण काय लावणार हे सॉकेटला ठाऊक नसते. आमच्या अंगणाच्या टोकाला, तीस मीटरवर, अशीच दीडची वायर होती. दाबाने पाणी मारायचे यंत्र सुरू केले की मोटर घुरघुरायची आणि त्याच लाइनवरचा दिवा पिवळा पडायचा. जाऊन-येऊन साठ मीटर तांबे, त्यातून सोळा अँपिअर गेले तर साडेअकरा व्होल्ट वाटेतच संपतात. अडीचमध्ये सात, चारमध्ये साडेचार.

ओलसर : जाडीवर भांडत बसा तुम्ही. आमचा आरसीसीबी, म्हणजे वीज जमिनीत गळू लागली की पुरवठा तोडणारा स्विच, पाऊस आला की पडतो, आपोआप बंद होतो. शेवटी वायरमनने तो काढूनच टाकला. तेव्हापासून सुखात आहोत.

हिशेबी : सुखात? सोळाच्या ‘सी’ जातीच्या एमसीबीला क्षणात पडायला १६० अँपिअरपर्यंत प्रवाह लागू शकतो, आणि माणसाचा जीव जायला त्याचा हजारावा भागही पुरतो. ओल्या जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला वाचवणारी एकमेव वस्तू तुम्ही काढून फेकली आहे.

ओलसर : धमकावू नका. दर पावसात फ्रीज बंद पडून दूध नासायचे, ते तुम्ही भरून देणार आहात का?

जुना वायरमन : या एका बाबतीत हिशेबी बरोबर बोलतात, आणि हे लिहिताना मला आनंद होत नाही. आरसीसीबी पडतो तो उगाच नाही. अशीच एक पेटी मी उघडली, तर वायर वरच्या भोकातून आत शिरलेली, पाण्याचा ओघळ तिच्यावरून थेट टर्मिनलवर, आणि स्क्रू हिरवेगार. वायर खालून घ्यावी, पेटीपाशी तिला लोंबता वाक द्यावा म्हणजे पाणी तिथूनच गळून पडते, आणि झाकणाला रबरी पट्टी असावी. बाहेरच्या सॉकेटला ३० मिलिअँपिअरचा वेगळा आरसीसीबी द्यावा. फ्रीजचा त्याच्याशी संबंधच उरत नाही.

ओलसर : हे आमच्या वायरमनने सांगितले असते, तर दूध आणि भांडण दोन्ही वाचले असते. पेटी उघडून पाहतो.

हिशेबी : मेन स्विच बंद करून पाहा. आणि जुने वायरमन, दीडचे काय ठरले?

जुना वायरमन : दिव्याला दीडच, आणि एमसीबी दहाचा. सॉकेटला अडीच, लांब असेल तर चार, जमिनीतून न्यायची असेल तर आर्मर्ड, म्हणजे धातूच्या कवचाची केबल. झाले समाधान? तीस वर्षांत माझी एकही वायर जळाली नाही, हे मात्र मी खोडणार नाही.

हिशेबी : खोडू नका. तुमच्या गिऱ्हाइकांनी नुसते दिवेच लावले असतील.