मदत हवी आहे : १९७० च्या दशकातले बेसबॉलपटू

भाची न्यू जर्सीत शिकते. शाळेच्या प्रोजेक्टसाठी तिला १९७० च्या दशकातले तीन बेसबॉलपटू आणि त्यांचे विक्रम मांडायचेत. दोन नावं पक्की झालीत.

हँक ॲरन : ८ एप्रिल १९७४, अटलांटा. ७१५ वा होमरन (क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका) मारून बेब रूथचा ७१४ चा विक्रम मोडला. कृष्णवर्णीय म्हणून आधी कित्येक महिने त्याला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येत होती. हे तक्त्यावर यायलाच हवं.

रॉबेर्तो क्लेमेंते : ३० सप्टेंबर १९७२ ला ३००० वा हिट (फटका मारून सुखरूप बेस, म्हणजे मैदानावरचा टप्पा, गाठणं), तोही डबल (एका फटक्यात दुसरा बेस). त्याच वर्षी ३१ डिसेंबरला निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांसाठी मदत नेताना विमान कोसळून तो गेला. आकडा ३००० वरच थांबला. वाचताना गलबलून येतं.

आता अडलंय तिसऱ्यावर. गोलंदाज (पिचर) नोलन रायन (१९७३ च्या मोसमात ३८३ स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) की लू ब्रॉक (१९७४ मध्ये ११८ चोरलेले बेस, म्हणजे फटक्याची वाट न पाहता पळून गाठलेले पुढचे बेस)? मला रायन घ्यावासा वाटतो, कारण दोघे फलंदाज झालेच आहेत. पण ब्रॉकची चपळाई मुलांना पटकन भिडेल. तुम्ही कोणाला घ्याल आणि का?

शिवाय ३८३ म्हणजे किती मोठं, हे फक्त क्रिकेट बघणाऱ्या आजीला कसं समजवायचं? जाणकारांनी कृपया सांगा.