आरबी26 उघडलंच आहे, तर 2.8 लिटर करावं का? माझं मत: नको

मेलबर्नकर (धागाकर्ता)

मित्राची 1995 ची निसान स्कायलाइन जीटी-आर आहे, आर33. आरबी26डीईटीटी इंजिन, सरळ रांगेत सहा सिलेंडर, दोन टर्बो, 2568 सीसी. एका सिलेंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा फारच कमी आलं म्हणून इंजिन उतरवून उघडलं. पिस्टनची दोन रिंगांमधली कड तुटलेली निघाली. नॉकिंगवर (इंधन अवेळी पेटून ठोके बसतात तसं) चालवलेल्या टर्बो इंजिनाचं हे नेहमीचं दुखणं. क्रँक (पिस्टनची वर-खाली चाल फिरण्यात बदलणारा दांडा) मात्र ठणठणीत आहे.

त्याला 500 च्या आसपास हॉर्सपॉवर हवी. गाडी रोज नाही, पण रस्त्यावर चालणार, अधूनमधून ट्रॅकवरही जाणार. आता जो तो येतो आणि सांगतो, ‘उघडलंच आहे तर स्ट्रोकर किट टाक.’ म्हणजे 73.7 मिमी स्ट्रोकच्या (पिस्टनच्या चालीच्या) जागी 77.7 मिमीची क्रँक, 87 मिमीचे पिस्टन, आणि 2.8 लिटर.

माझा विरोध आहे. 500 साठी मूळ क्रँक पुरते. फोर्ज्ड (ठोकून घडवलेले) पिस्टन, चांगले कनेक्टिंग रॉड, नवे बेअरिंग शेल टाका आणि उरलेला पैसा तेलावर घाला. आरबी26 मरतं ते बहुधा ताकदीने नाही, तेलाने. आरपीएम बराच वेळ वर राहिले की हेडमध्ये (इंजिनाच्या वरच्या भागात) तेल साचतं. खाली यायच्या वाटा अपुऱ्या, त्यात त्याच वाटांनी ब्लो-बायचा (रिंगांच्या कडेनं निसटलेला) वायू वर येत असतो. चेंबर (खालची तेलाची टाकी) रिकामा होतो, पंप हवा ओढतो, आणि बेअरिंग गेलं. यावर उपाय माहीत आहेत: हेडकडे जाणाऱ्या तेलाला रिस्ट्रिक्टर (वाट अरुंद करणारा तुकडा), हेडच्या मागून चेंबरपर्यंत वेगळी परतीची नळी, आडव्या पट्ट्या घातलेला मोठा चेंबर. डायनोच्या (ताकद मोजायच्या यंत्राच्या) कागदावर यातलं काही दिसत नाही, म्हणून कोणी बोलत नाही.

फुल_बूस्ट

तेलाबद्दल +1. बाकी पूर्ण असहमत.

500 च्या टर्बोवर 2.6 लिटरचं इंजिन खालच्या आरपीएमला झोपलेलं असतं. सिग्नलवरून निघताना मागून हॅचबॅकवाला हॉर्न देतो, ही जीटी-आरची शोभा? 200 सीसी वाढले की टर्बो लवकर जागा होतो आणि रस्त्यावर तेच लागतं. शिवाय पिस्टन नवे, रॉड नवे, बेअरिंग नवे, मग क्रँकच तेवढी जुनी का? इथल्या मजुरीचे दर बघता इंजिन दुसऱ्यांदा उघडणं कोणाला परवडतं?

मेलबर्नकर

@फुल_बूस्ट, 8000 आरपीएमला पिस्टनचा सरासरी वेग 73.7 च्या स्ट्रोकला सेकंदाला 19.7 मीटर येतो, 77.7 ला 20.7. भिंतीवरचा आडवा दाबही वाढतो. आणि तुमचे 200 सीसी म्हणजे जेमतेम आठ टक्के. लवकर जाग हवी तर टर्बो एक नंबर लहान निवडा, फुकटात मिळेल.

बोअरवाला_कोल्हापूर

तुम्ही दोघं कॅटलॉगवरनं भांडताय राव. मी जीटी-आर फोटोतच बघितलीय, पण बिडाच्या ब्लॉकवर बोअरिंग-होनिंग (सिलेंडरचं भोक रुंद करणं आणि आतून घासून नीट करणं) हा आमचा रोजचा धंदा, म्हणून बोलतो.

87 ला बोअर म्हणजे भिंतीतून प्रत्येक बाजूला अर्धा मिलिमीटर गेला. जुन्या कास्टिंगात कोर (ओतकामातला आतला साचा) सरकलेला असला तर एका बाजूची भिंत आधीच पातळ. अल्ट्रासॉनिकनं जाडी मोजल्याबिगर हात लावायचा न्हाई. जमलं तर 86.5 वर थांबा, पुढच्या वेळेसाठी मटेरियल शिल्लक राहतं.

दुसरं, होनिंग करताना टॉर्क प्लेट (हेडच्या जागी आवळायची जाड प्लेट) लावलीच पाहिजे. हेडचे बोल्ट आवळले की भोक गोल राहत नाही. प्लेट न लावता केलेलं होनिंग बोअर गेजवर झकास दिसतं, आणि हेड बसलं की रिंगांच्या कडेनं प्रकाश दिसावा इतकं वाकडं होतं (जरा वाढवून सांगतोय, पण मुद्दा कळला असेल). पिस्टन आधी हातात घ्या, मायक्रोमीटर लावा, मग बोअरचं माप ठरवा. खोक्यावरच्या आकड्यावर विश्वास नको. फोर्ज्ड पिस्टन गरम झाल्यावर जास्त फुगतो, म्हणून क्लिअरन्स जादा ठेवावा लागतो आणि सकाळी थंड इंजिन थोडं खडखडतं. मित्राला आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच दिवशी घाबरून फोन करेल.

टूजेझेड_भक्त

एवढा खटाटोप कशाला? टोयोटाचं 2जेझेड-जीटीई टाका. 86 बाय 86, 2997 सीसी, त्याचाही ब्लॉक बिडाचाच. स्ट्रोकर किट न घेता तीन लिटर मिळाले!

मेलबर्नकर

@टूजेझेड_भक्त, जीटी-आरमध्ये पुढच्या चाकांचं डिफरन्शियल इंजिनच्या चेंबरलाच बसवलेलं असतं आणि एक एक्सल चेंबरच्या आरपार जातो. 2जेझेड टाकायचं तर तो सगळा भाग नव्याने बनवायचा, नाहीतर पुढची चाकं सोडून द्यायची. मग जीटी-आर कशाला घेतली? शिवाय व्हिक्टोरियात असं इंजिन बदललं की व्हॅसच्या (बदल केलेल्या गाड्या तपासायच्या तिथल्या योजनेच्या) प्रमाणपत्राची धावपळ वेगळीच.

जुनं_ते_सोनं

माझं मत कोणालाच आवडणार नाही. 500 हवेत कशाला? कागदावर 280 पीएस हा जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेला आकडा होता, खरं इंजिन त्याहून उमदं आहे. मूळ नंबरचा ब्लॉक नीट पुसून, तेल लावून बाजूला ठेवा आणि प्रयोग दुसऱ्या ब्लॉकवर करा. निस्मो (निसानचीच रेसिंग शाखा) 2017 पासून जीटी-आरचे जुने भाग पुन्हा बनवतेय. या गाड्यांच्या किमती कुठे गेल्यात ते बघा, मूळ ब्लॉक 87 ला बोअर केलात की तो गेला.

आणि मूळ टर्बोवर बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) वाढवायचा मोह तर मुळीच नको. त्यांची एक्झॉस्टकडची चाकं सिरॅमिकची आहेत, एक बार दाबाच्या पुढे ढकललं की फुटतात.

फुल_बूस्ट

@जुनं_ते_सोनं, चाळीस हजारांची पैठणी कपाटात ठेवणारे तुम्हीच का? गाडी चालवायची वस्तू आहे.

@मेलबर्नकर, लहान टर्बो लावून 500 ला तो वर गुदमरतो, हे सोयीस्करपणे गाळलंत. आणि ऑइल पंपाचं काय? रेव्ह लिमिटरवर (आरपीएमच्या ठरवलेल्या कमाल मर्यादेवर) आदळलं की मूळ पंपाचा आतला गिअर तडकतो. त्याला फिरवणारा क्रँकवरचा कॉलर आर32 च्या (आर33 च्या आधीच्या जीटी-आरच्या) सुरुवातीच्या गाड्यांत इतका अरुंद होता की निसाननेच पुढे तो रुंद केला.

मेलबर्नकर

आर33 ला रुंदच आहे, म्हणूनच तर म्हणतोय क्रँक बदलू नका. पंपाला बिलेट (सलग धातूतून कापलेला) गिअर घालतोय आणि लिमिटर 7800 ला लावतोय. टर्बो वर गुदमरेल हे मान्य, तेवढं चालेल त्याला.

बोअरवाल्या दादांचं ऐकून भिंतींची जाडी मोजून घेतली. सहा नंबरच्या सिलेंडरची एक बाजू बाकीच्यांपेक्षा पातळ आहे. त्यामुळे 86.5 नक्की, आणि 87 चा विषय या ब्लॉकपुरता तरी मिटला.

फुल_बूस्ट

87 मिटला, 77.7 ची क्रँक नाही मिटली. 86.5 वर ती बसवली तरी 2.7 लिटरच्या वर जातं. हिशोब करून बघा.