अनुभव धागा : संगणक नवा आला आणि काम अडले

विंडोज १० ला मिळणारी नियमित सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि माझ्या ओळखीतल्या अनेकांनी नवी यंत्रे घेतली. विंडोज ११ केवळ ६४ बिटांत येते, त्यामुळे कुणाचा जुना प्रोग्रॅम उघडेना, तर कुणाचा प्रिंटर ओळख दाखवेना. काय अडले आणि वाट कशी काढली, हे सविस्तर लिहावे.

रावेर, केळीची आडत
आमच्या पेढीचे हिशेब डॉस या विंडोजपूर्व प्रणालीवरच्या १६ बिटांच्या प्रोग्रॅमवर चालत, आणि ६४ बिटांचे विंडोज असे प्रोग्रॅम मुळीच चालवत नाही. डॉसचे वातावरण उभे करणाऱ्या डॉसबॉक्स या प्रोग्रॅममध्ये तो अर्ध्या तासात सुरू झाला, पण पट्टी छापायची वेळ आली तेव्हा खरी अडचण कळली. प्रोग्रॅम थेट पॅरलल पोर्टकडे, म्हणजे प्रिंटर जोडण्याच्या जुन्या खाचेकडे, मजकूर पाठवतो आणि नव्या यंत्राला ते पोर्टच नाही. अखेर डॉसबॉक्स-एक्स या त्याच्याच सुधारित रूपात छपाई फाइलीत उतरवली आणि ती फाइल डॉट मॅट्रिक्सला दिली. लेझर प्रिंटर घेण्याचा सल्ला पुष्कळांनी दिला, परंतु कार्बन घालून एका फटक्यात तीन प्रती त्यावर निघत नाहीत, हे सल्ला देणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

अमळनेर, छापखाना
लग्नपत्रिकांच्या हजारो जुन्या फाइली आमच्याकडे आहेत. त्यांतील फॉन्ट युनिकोडपूर्व, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतंत्र क्रमांक देणारी आजची पद्धत येण्याआधीचे, असल्यामुळे संगणकाच्या लेखी तो मजकूर रोमन अक्षरांचाच असतो आणि केवळ फॉन्टमुळे देवनागरी दिसतो. नव्या यंत्रावर फॉन्ट नसला की पत्रिकेची पार गिचमिड होते. रूपांतर करू गेलो, तर जुन्या पद्धतीत पहिली वेलांटी व्यंजनाआधी आणि रफार अक्षरानंतर नोंदलेला असतो, युनिकोडमध्ये नेमके उलटे. चिन्हाला चिन्ह बदलणाऱ्या साध्या रूपांतरकाने ‘चि.’ची वेलांटी ठिपक्यांच्या वर्तुळावर लटकवली आणि ‘सूर्यवंशी’तला रफार पुढच्या अक्षरावर नेला. वधूपित्याने ते पाहिले असते, तर आमची धडगत नव्हती! आता क्रमही बदलणारा रूपांतरक वापरतो, तरी आडनावे डोळ्यांनीच तपासतो.

धुळे, महाविद्यालयीन प्रयोगशाळा
आमचा प्रकार किरकोळ, पण वेळखाऊ होता. विद्यार्थी घरी विंडोजवर प्रोग्रॅम लिहून आणत आणि प्रयोगशाळेतल्या उबुंटूवर (लिनक्सचा एक प्रकार) ‘फाइल सापडत नाही’ असा संदेश येई. फाइलीच्या नावातील इंग्रजी लहान-मोठ्या अक्षरांत विंडोज सहसा भेद करत नाही, लिनक्स करते. सर्व नावे लहान अक्षरांतच ठेवायची, असा नियम केला.

भुसावळ, लग्नाचे व्हिडिओ संकलन
अ‍ॅपलच्या मॅक संगणकांवर २०१९ च्या मॅकओएस कॅटालिना या आवृत्तीपासून ३२ बिटांचे प्रोग्रॅम बंद झाले, त्यात माझे दोन प्लगइन (संकलनाच्या प्रोग्रॅमला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) गेले. त्याआधीची मोजावे ही आवृत्ती बाहेरच्या डिस्कवर ठेवली असून जुने प्रकल्प आले की मॅक त्यावरून सुरू करतो.

रावेर, केळीची आडत
अमळनेरकर, रूपांतर झाल्यावर जुन्या फाइली काढून टाकता का?

अमळनेर, छापखाना
नाही. पानाची मांडणी जुन्या फॉन्टच्या रुंदीवर बेतलेली असल्यामुळे युनिकोडमध्ये ओळी सरकतात. म्हणून विंडोज एक्सपीचे एक जुने यंत्र नेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवले आहे. पुनर्मुद्रण आले की तेवढ्यापुरते ते सुरू करतो.