मदत हवी आहे: हॅलोविनला घरच्या घरी कॉकटेल्स, आणि न पिणाऱ्यांनाही तितकाच भारी ग्लास

मालाडकर

नमस्कार मंडळी,

यंदा 31 ऑक्टोबर शनिवारी येतोय आणि दिवाळी पुढे आठवड्यावर. म्हणजे फराळाच्या धांदलीत अडकायच्या आधीची ही शेवटची मोकळी संध्याकाळ. आमच्याकडे बाराएक माणसं जमणार आहेत: नवऱ्याचे ऑफिसवाले, मजल्यावरचे शेजारी, नणंद आणि तिचे यजमान, शिवाय मावसबहिणीची लेक, जी 23 वर्षांची आहे.

नणंद दारूला स्पर्श करत नाही. शेजारच्या काकूही नाहीत घेत. आपल्याकडे पार्टी म्हटली की पिणाऱ्यांसाठी चार बाटल्या, लिंबं, मीठ, सगळा थाट. आणि न पिणाऱ्यांसमोर कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली आणून ठेवायची. हे मला मनापासून खटकतं. मला असे प्रकार हवेत ज्यांतून दारू काढून घेतली तरी ग्लास तितकाच भयानक दिसेल आणि चवही लागेल. नुसतं लाल रंगाचं साखरपाणी नकोय.

घरात व्होडका, जिन आणि डार्क रम आहे. शेकर नाही, पण घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा आहे. अडचणी अशा:

रक्तासारखा गडद लाल रंग खायचा रंग न वापरता कसा आणायचा? काळ्या ड्रिंकसाठी सगळीकडे चारकोल पावडर सुचवलेली दिसते, ती घालावी का? नवऱ्याला ड्राय आइसचा धूर हवाच आहे, प्रत्येकाच्या ग्लासात एकेक खडा टाकू म्हणतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, एवढ्या लोकांना एकेक ग्लास करत बसले तर मी अख्खी संध्याकाळ ओट्यापाशीच असेन. आधी काय करून ठेवता येईल?

गिरगावची

रक्त म्हणजे कोकम. दुसरीकडे बघूच नका.

फक्त बाटली नीट वाचून घ्या. अमृत कोकम म्हणजे साखरेतला पाक आणि आगळ म्हणजे मिठातला अर्क. दोन्हींचा रंग सारखाच, पण सोलकढीसाठी आणलेलं आगळ सरबताच्या मापाने ओतलंत तर ग्लास फेकावा लागेल. दादरला कोकणी मालाच्या दुकानांत दोन्ही मिळतात.

माझं माप: अमृत कोकम 30 मिली, व्होडका 45 मिली, लिंबाचा रस 10 मिली, भाजलेल्या जिऱ्याची चिमूट आणि आगळ फक्त पाव चमचा. डब्यात बर्फ घालून दहाबारा सेकंद जोरात हलवा, गाळा आणि वरून सोडा. नणंदबाईंसाठी व्होडका वगळा, आगळ अर्धा चमचा करा आणि आल्याचा रस चमचाभर घाला. दारूचा जो चटका असतो त्याची जागा आलं भरून काढतं. हे आलं विसरू नका, त्याशिवाय ते उन्हाळ्यातलं सरबतच लागेल.

ग्लासाच्या कडेवरून ओघळणारं रक्त हवं असेल तर अमृत कोकमात चमचाभर कॉर्नफ्लोअर कालवून मंद आचेवर आटवा. पूर्ण गार झालं की चमच्याने ग्लासाच्या आतल्या बाजूला, काठापाशी एकेक थेंब सोडा. थेंब आधी जागच्या जागी थबकतो, मग काचेवर लाल रेघ ठेवत हळूहळू खाली सरकतो. ग्लास फ्रिजमध्ये थंड केलेला असेल तर रेघ अर्ध्यातच थांबते आणि तशीच राहते.

बर्फाळ

मालाडकर, ड्राय आइसचं लगेच सांगतो, कारण यात हयगय चालत नाही. ग्लासात खडा टाकायचा नाही. एकाच्याही नाही.

ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. तो वितळून पाणी होत नाही, थेट वायू होतो. तळाशी बसलेला तुकडा गप्पांच्या नादात घोटाबरोबर तोंडात गेला की जीभ, घसा, अन्ननलिका सगळं भाजतं. 2024 च्या मार्चमध्ये गुरुग्रामच्या एका रेस्टॉरंटमध्ये माउथ फ्रेशनर म्हणून ड्राय आइस दिला गेला आणि पाच जणांना रक्ताच्या उलट्या होऊन हॉस्पिटलात न्यावं लागलं. बातमी तेव्हा देशभर आली होती.

धूर हवाच असेल तर तो भांड्याबाहेर ठेवा. मोठ्या परातीत कोमट पाणी, त्यात चिमट्याने सोडलेला ड्राय आइस, आणि परातीच्या मधोमध पंचचं, म्हणजे सगळ्यांसाठी एकत्र केलेल्या पेयाचं, भांडं. धूर भांड्याच्या बाजूंनी वर येऊन टेबलावरून खाली सांडतो, दिसायला ग्लासातल्या धुरापेक्षा सरसच. परातीतल्या पाण्याला कोणी हात लावायचा नाही, लहान मुलं असतील तर त्यांच्या हाताला लागेल असं ठेवायचंच नाही.

आणखी एक. किलोभर ड्राय आइसचा साधारण 500 लिटर वायू होतो. आपले मुंबईचे हॉल केवढे, त्यात एसी लावून खिडक्या बंद. हा वायू हवेपेक्षा जड, खाली साचतो. तेव्हा खिडक्या उघड्या ठेवा आणि अर्धा किलोच्या वर आणूच नका. घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा थर्मासमध्ये ठेवलात तर दाबाने डबा फुटतो. थर्माकोलच्या खोक्यात, झाकण सैल. उरलेला गॅलरीत मोकळ्यावर ठेवून द्या, सिंकमध्ये टाकू नका.

गोळ्या_औषधं

फार्मसीत काम करते म्हणून चारकोलबद्दल लिहिते. विषबाधेत पोटातलं विष शोषून घ्यायला जो अॅक्टिव्हेटेड चारकोल देतात, तोच हा. त्याला विष आणि औषध यांतला फरक कळत नाही. रात्री बीपीची गोळी घेणारे, गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या, थायरॉइडवाले, अशांच्या पोटात तो गेला की औषधाचा असर कमी होऊ शकतो. बारा पाहुण्यांत गोळ्या कोण घेतं हे तुम्हाला माहीत नसतं आणि विचारणंही बरं दिसत नाही. न्यूयॉर्क शहराने 2018 मध्ये खाण्यापिण्यात चारकोल वापरायला मनाई केली.

काळ्या रंगाचा हट्ट सोडा. गडद जांभळाही कमी प्रकाशात काळाच दिसतो. काळ्या मनुका रात्रभर भिजवून, वाटून, गाळून घ्या. रमबरोबर चव छान जुळते.

कुंडीतली_बाग

जांभळ्यावरून आठवलं, गोकर्ण! निळ्या गोकर्णीचा वेल तर मुंबईत निम्म्या गॅलऱ्यांत असतो. सुकवलेली दहाबारा फुलं पेलाभर गरम पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा, गडद निळं पाणी निघतं. चव जवळपास नाहीच, त्यामुळे कशातही चालतं. लिंबू पडलं की त्याचा जांभळा-गुलाबी होतो, कारण त्यातलं अँथोसायनिन हे रंगद्रव्य आम्लात रंग बदलतं.

यात एक मेख आहे. टॉनिक वॉटर स्वतःच आंबट असतं. निळ्या पाण्यावर टॉनिक ओतलंत तर लिंबाच्या आधीच रंग बदलून जातो आणि गंमत संपते. म्हणून मी या पाण्याचा बर्फ करते. ग्लासात जिन, टॉनिक, लिंबू, सगळं पारदर्शक. त्यात हे निळे खडे. आधी प्रत्येक खड्याभोवती जांभळा धागा सुटतो, मग तो वळत वळत तळाशी जातो. अर्धा ग्लास संपेपर्यंत सगळं जांभळं. जिन न घालता नणंदेला द्या, डोळ्यांना काडीचा फरक कळणार नाही.

टॉनिकमध्ये क्विनीन असतं, ते अतिनील दिव्याखाली निळसर चमकतं. दिवा खरा अल्ट्राव्हायोलेट हवा, नुसता जांभळ्या काचेचा बल्ब चालत नाही.

डोळे करायचे तर डब्यातली लिची घ्या आणि मधल्या पोकळीत ब्लूबेरी खोचा. मला खरं तर ताडगोळ्याचे डोळे करायचेत कधीपासून, पण ते पडले एप्रिल-मेचे. भिजवलेला सब्जा मात्र बारमाही. कोकमात चमचाभर सोडलात तर हुबेहूब बेडकाची अंडी.

वांद्रेकर

आम्ही वांद्र्याचे ईस्ट इंडियन, म्हणजे इथले मूळचे मराठी बोलणारे ख्रिस्ती. हॅलोविन म्हणजे 1 नोव्हेंबरच्या सर्व संतांच्या सणाची आदली रात्र, आणि 2 तारखेला मृतांचा दिवस. त्या दिवशी आम्ही कबरस्तानात जाऊन आपल्या माणसांच्या कबरी फुलांनी सजवतो, मेणबत्त्या लावतो. भुतंखेतं, भोपळे, चेटकिणी खुशाल करा, आमच्या घरची पोरंही करतात. फक्त टेबलावर क्रूस आणि थडग्याचे दगड मांडू नका एवढं सांगावंसं वाटतं. पाहुण्यांत कोणी आमच्यातलं असेल तर त्याला दोन दिवसांनी तिथेच जायचं असतं.

नावाने भीतीदायक क्लासिक कॉकटेल म्हणाल तर कॉर्प्स रिव्हायव्हर (म्हणजे मढं उठवणारी) नंबर 2 आहे, लंडनच्या सॅव्हॉय हॉटेलचे बारटेंडर हॅरी क्रॅडॉक यांनी 1930 मध्ये छापलेली. पण जिन सोडून तिला आणखी तीन बाटल्या लागतात. एका संध्याकाळसाठी त्या विकत घेऊ नका, गिरगावचींचं कोकम करा.

मालाडकर

सगळ्यांचे मनापासून आभार. बर्फाळ, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला वाचायला दिला. परात नक्की झाली, ग्लासातले खडे रद्द. वांद्रेकर, दगडांची सजावट यादीत होती, ती काढली. हे तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं.

आता दोन प्रश्न उरले. 23 वर्षांच्या भाचीचं काय? महाराष्ट्रात हार्ड लिकरला 25 वर्षं पूर्ण लागतात आणि बिअरला 21. घर असलं तरी मला तिला व्होडका द्यायची नाही, तिच्या आईला मी शब्द दिलाय. पण ती नणंदेसारखी न पिणारीही नाही. आणि लाल भोपळा आणलाय, तोंड कोरून दिवा लावणारच आहोत, पण आतला गर टाकवत नाही. भाजी सोडून काही होईल?

माहीमची_खाडी

भाचीसाठी मेक्सिकन पद्धतीची मिशेलादा करा. ग्लासाच्या काठाला लिंबू फिरवून तिखट-मीठ लावायचं. टोमॅटोचा रस 60 मिली, अर्ध्या लिंबाचा रस, वुस्टरशायर सॉसचे आणि तिखट सॉसचे थेंब, वरून गार लागर बिअर हलक्या हाताने. तांबडीलाल होते, वर फेस. हॅलोविनला शोभते. एवढंच की वुस्टरशायर सॉसमध्ये बहुतेक वेळा अँकोव्ही मासे असतात, शाकाहारी पाहुण्यांसाठी लेबल बघून घ्या.

भोपळ्याचा गर वाफवून वाटा. वाटीभर गराला पाऊण वाटी गूळ, अर्धी वाटी पाणी, दालचिनीचा तुकडा, दोन लवंगा. गूळ विरघळून पाक सरसरीत झाला की उतरवा, जायफळ किसा आणि गाळून घ्या. घारग्यांचा वास येतो स्वयंपाकघरात. हा पाक 30 मिली, डार्क रम 45, लिंबू 15, वर जिंजर एल. रमशिवायही उत्तम लागतं. फ्रिजमध्ये चारपाच दिवस टिकतो, म्हणजे मंगळवारीच करून ठेवता येईल. हे पेय गढूळच दिसतं, गाळून पारदर्शक करायच्या भानगडीत पडू नका.

मालाडकर

घारगे म्हणालात आणि काम झालं, आमच्या काकू खूश होतील. तर ठरलं: कोकम, गोकर्ण आणि भोपळा, तिन्ही दारूसह आणि दारूविना. भाचीला मिशेलादा. शेवटचं विचारते: कोकमाचं मोठ्या भांड्यात आधीच करून ठेवलं तर चव बदलते का? आणि कोणत्या ग्लासात दारू आहे हे अंधारात ओळखायचं कसं?

बर्फाळ

डब्यात बर्फाबरोबर हलवताना थोडं पाणी त्यात उतरतं आणि चवीला ते लागतं. आधी मिसळून ठेवताना ते पाणी आपण घालायचं: सोडा सोडून जेवढं मिश्रण, त्याचा पाचवा हिस्सा गार पाणी. बाटलीत भरून दुपारीच फ्रिजमध्ये. लिंबू मात्र त्याच दिवशी संध्याकाळी पिळा, सकाळचा रस रात्रीपर्यंत कडवट होतो. सोडा थेट ग्लासात.

बर्फ वाट्यांत गोठवा, ट्रेमधले लहान खडे ऑक्टोबरच्या उकाड्यात टिकत नाहीत. मोठा खडा सावकाश विरघळतो आणि पेय पाणचट होत नाही.

गिरगावची

ग्लास ओळखायचं सोपं आहे. पंचची भांडी दोन वेगळ्या टेबलांवर ठेवा, एकाच टेबलावर शेजारी शेजारी नको. बिनदारूच्या ग्लासांच्या काठाला मिठाऐवजी खोबऱ्याचा कीस लावा. अंधारात डोळ्यांना नाही दिसलं तरी ओठांना पहिल्या घोटाआधीच कळतं. आणि नणंदबाईंना आल्यावरच सांगून ठेवा की खोबरं तुमचं.