अवघड इंग्रजी शब्द कसे शिकलात? (अनुभव धागा)

बडोद्याची_ताई: लेक जीआरईला, म्हणजे परदेशात पुढे शिकायला जाण्यासाठीच्या परीक्षेला बसतेय. काल जेवताना विचारलं, "आई, एग्रीजियस म्हणजे?" आणि बाबांची वही डोळ्यांसमोर आली. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत बसून ते शब्द उतरवायचे, एका मुळाखाली अख्खं गोत. लॅटिनमध्ये 'ग्रेग' म्हणजे कळप. म्हणून ग्रिगेरियस म्हणजे माणसांत रमणारा, काँग्रिगेशन म्हणजे जमाव, आणि एग्रीजियस म्हणजे कळपातून उठून दिसणारा. पूर्वी कौतुकाने वापरायचे, आता ढळढळीत वाईटालाच. तुम्ही कसे शिकलात? लिहा ना.

सयाजीगंज: आमच्या वेळी विरुद्धार्थी शब्द यायचे, २०११ मध्ये ते गेले. आता गाळलेल्या जागा. एका प्रकारात सहापैकी दोन पर्याय निवडायचे, दोन्हींनी वाक्याचा अर्थ सारखाच व्हायला हवा. नुसता अर्थ पाठ करून भागत नाही. लेकीला सांगा, शब्द वाक्यासकट लिही.

दांडियाबाजार: शाळा गुजराती, घरी मराठी. सर रोज फळ्याच्या कोपऱ्यात एक शब्द लिहायचे. 'लोक्वेशियस', म्हणजे बडबड्या, आला त्या दिवशी अख्ख्या वर्गाने एकाच मुलीकडे पाहिलं 😄 आज ती वकील आहे. दूध उतू जातंय, आलेच.

रावपुरा_काकू: सासूबाईंच्या गाठीचा रिपोर्ट हातात आला, त्यावर 'बिनाइन'. डॉक्टर यायचे होते आणि सासूबाईंनी माझा हात घट्ट धरलेला. शाळेत बाईंनी घोकून घेतलं होतं, 'बेने' चांगलं, 'मॅल' वाईट. बेनिफिट, बेनेव्हलंट, मॅलेव्हलंट, मॅलिग्नंट. म्हटलं, आई, कॅन्सर नाहीये, घाबरू नका. नंतर डॉक्टरही तेच म्हणाले. त्या बाईंना मी आजही मनातून नमस्कार करते.

सयाजीगंज: काकू, वाचून डोळे भरले. सासूबाई बऱ्या आहेत ना?

रावपुरा_काकू: हो, गेल्या दिवाळीत चकल्या त्यांनीच तळल्या.

जुनी_पुस्तकं: सयाजीरावांनी कारभारासाठी केलेला 'सयाजीशासनशब्दकल्पतरू' कुणी पाहिलाय? १९३१चा. इंग्रजी शब्दासमोर मराठी, गुजराती, संस्कृत, फारसी असे प्रतिशब्द शेजारीशेजारी. एका संस्थानाने एवढं केलं! ताई, वही आहे का अजून? आधी फोटो काढून ठेवा, शाई उडते.

बडोद्याची_ताई: आहे, पण पानं सुटलीत.

दांडियाबाजार: आले परत. आमच्या गल्लीत एक बाइंडिंगवाले काका आहेत, उद्या विचारते. रविवारी घेऊन या, लीलो चेवडोही खाऊ.

रावपुरा_काकू: मीही येते हं. चेवडा माझ्याकडून.